उघडा चिरा

जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. वारं लागलं की हळूहळू आवळतो, कडक होतो, आणि मग पिढ्यान् पिढ्या भिंत धरून उभा राहतो. पण डोक्यावर छप्पर आणि अंगावर गिलावा असला तरच. उघड्यावर दर वर्षी चार महिने झड खात राहिला, की त्याच्या भोकांतली पिवळी माती धुऊन जाते, भोकाला भोक मिळतं, आणि बाहेरून रुबाबदार दिसणारी भिंत आतून पोकळ व्हायला लागते. रत्नागिरीत घरं बांधण्याच्या धंद्यात माझा जन्म गेला, वडिलांचाही गेला. आता काम मुलगा बघतो. मी सल्ले देतो आणि तो ऐकल्यासारखं करतो. आत्मा, देह, मोक्ष असल्या विषयांवर बोलायचा मान आमच्याकडे भटजींना, कीर्तनकारांना आणि निवृत्त मास्तरांना. चिरेवाल्याला कोणी विचारत नाही. पण देव नेमका राहतो कशात, हा प्रश्न मला पोथीत भेटला नाही. तो भेटला गिलाव्यापाशी, आणि तेही परक्यांच्या देवाच्या दारात, जुन्या गोव्यात.

रत्नागिरीहून जुनं गोवं एका दिवसात होतं. पहाटेची कोकणकन्या पकडायची, करमळीला उतरायचं, रिक्षा करायची; रात्री तीच गाडी उलट्या दिशेनं घेऊन घरी. बरोबर बायको होती आणि माझ्याकडे हयातभर काम केलेले एक मिस्त्री. मिस्त्री सावंतवाडीकडचे ख्रिश्चन. त्यांच्या घरात गणपतीला शेजारून आलेले मोदक आणि नाताळात शेजारी गेलेल्या नेवऱ्या, दोन्हींचा हिशोब चोख. दर दहा वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव लोकांना दाखवायला बाहेर काढतात. २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत ते काढलं होतं. त्या गर्दीत घुसायची आमची छाती नव्हती. गर्दी ओसरल्यावर, एक पावसाळा मधे जाऊ देऊन गेलो. बायकोला 'गोंयचो सायब' बघायचा होता, मिस्त्रींना तो आम्हाला दाखवायचा होता आणि मला भिंती बघायच्या होत्या.

हे शव जिथे असतं त्या बॉम जेझुस बॅसिलिकाची इमारत १५९४ ते १६०५ या काळात उभी राहिली. समोरून पाहिलं की तांबडा जांभा, मधे मधे नक्षीच्या कामाला वसईकडून आणलेला काळा दगड. रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल, तेही जांभ्याचंच, पण गिलावा करून पांढरं केलेलं. त्याचे मुळात दोन मनोरे होते, एक १७७६मध्ये पडला, एक उरला. मोटारींतून उतरणारी मंडळी कॅथेड्रलकडे एकदा बघत आणि तांबड्या भिंतीकडे वळून फोटो काढत. तांबडी भिंत जुनी वाटते. पांढरी भिंत मागच्या दिवाळीत रंगवलेल्या शाळेसारखी वाटते. वयानं मात्र पांढरीच थोरली. तिचं काम १५६२मध्ये सुरू झालं.

मिस्त्रींनी फोटो काढला नाही. खाली कोपऱ्यातल्या एका चिऱ्यावर तळहात फिरवला, हाताला लागलेली भुकटी बघितली आणि म्हणाले, "शेट, ह्येका गिलावो व्हयो. नायतर दर पावसाक चिरो पाणी पितलो."

गिलावा होता. तीनशे-साडेतीनशे वर्षं होता. १९५०च्या दशकात बाल्तझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञानं तो खरवडून काढायला लावला. इमारत जुनी आहे तर ती जुनी दिसली पाहिजे, असं त्याचं मत. ज्यांनी ती बांधली त्यांनी हा दगड कोणाला दाखवायचा म्हणून लावलाच नव्हता. त्यांना जांभा कळत होता. त्यांनी तो चुन्यानं झाकला. पुढे आलेल्या एका जाणकाराला झाकलेलं खोटं वाटलं आणि उघडं खरं. तेव्हापासून गोव्याचा पाऊस त्या भिंतीवर सरळ पडतो आहे. काही वर्षांपूर्वी बॅसिलिकाच्या धर्मगुरूंनी जाहीर मागणी केली, की आमच्या भिंतीला परत गिलावा करा. पण आता तांबड्या रूपाचीच सगळ्यांना सवय झाली आहे. चित्रांत, पोस्टकार्डांवर, फ्रिजला चिकटवायच्या लोहचुंबकांवर तेच रूप आहे. १९८६पासून ही चर्चेस जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यामुळे भिंतीला हात लावायचा तर चार ठिकाणी विचारावं लागतं.

मी धर्मगुरूंच्या बाजूचा. धंदा म्हणून तर आहेच, पण आणखी एका कारणानं. त्या आवारात दोन जातींची माणसं दिसत होती. एक बघायला आलेली, एक भजायला आलेली. बघणाऱ्याला देऊळ जुनं हवं असतं. भजणाऱ्याला ते धड हवं असतं. बघणारा वर्षातून एकदा येतो आणि भिंतीवरचं शेवाळं पाहून खूश होतो. भजणारा दर रविवारी येतो आणि त्याच्या डोक्यावर ते गळतं. दोघांचंही त्या वास्तूवर प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. पण खरडून उघडं करायची बुद्धी भजणाऱ्याला कधी सुचली नसती.

आत गेलो. उजव्या अंगाला उंच चौथऱ्यावर चांदीची पेटी. चौथरा संगमरवरी, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी नावाच्या शिल्पकारानं घडवलेला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं तो पाठवला, आणि १६९८मध्ये तो इथे बसवला. पेटी मात्र गोव्याच्या सोनारांची. तिचं काम इतकं बारीक, की मी बराच वेळ आतल्या माणसाला विसरूनच गेलो होतो.

आतला माणूस ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. पुढची हकिकत आमच्या धंद्यातली आहे. पुरताना त्याच्या पेटीत चुना भरला होता. चुन्यानं मांस लवकर झडेल, मग हाडं उचलून न्यायला सोपी जातील, हा हिशोब. दोन-अडीच महिन्यांनी उकरलं तर देह जसाच्या तसा. तो मलाक्काला नेला आणि तिथून १५५४च्या मार्चमध्ये गोव्याला आणला. देह झडला नाही म्हणून चमत्कार झाला, चमत्कार झाला म्हणून त्याला घर लागलं, आणि त्या घराच्या भिंती टिकाव्यात म्हणून त्यांच्यावर चढवला तोही चुनाच. आता देह पेटीत सुकत, आक्रसत चालला आहे आणि भिंत बाहेर भुकटी होते आहे. उजव्या हाताचा खालचा भाग १६१४मध्ये रोमला नेला, तो तिथे आहे.

बायकोनं विचारलं, "मिस्त्री, देव मानता तुम्ही यांना?"

मिस्त्रींनी मान हलवली. "नाय वो वयनीनू. देव वर आसा. हयसर सायब आसा."

"मग आमचं पावसचं तसंच," बायको म्हणाली. तिचं माहेर पावसजवळ. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला ती लहानपणापासून जाते. स्वामी १९७४मध्ये समाधिस्थ झाले. ज्ञानेश्वरी अभंगांत आणून सोपी करून सांगणारा हा माणूस, देहाचा मोह सोडा हे सांगण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचा देह जिथे ठेवला तिथेच लोक डोकं टेकतात. आपल्याकडे सामान्य माणसाला जाळतात आणि संन्याशाला, योग्याला पुरतात. ज्यानं देह सर्वांत आधी सोडला त्याचाच देह आपण राखतो. आळंदीपासून पावसपर्यंत हीच रीत.

मला यात ढोंग दिसत नाही. विसंगती मात्र दिसते. कोणताही धर्म घ्या, देह नाशिवंत हे त्याच्या पहिल्या धड्यात असतं. आमच्याकडे दहाव्या-बाराव्याला गीतेतला जुन्या वस्त्रांचा दाखला ऐकल्याशिवाय पान वाढत नाहीत. ख्रिस्ती माणसाच्या कपाळाला राखेचा बुधवार येतो तेव्हा राख लावतात आणि तू माती आहेस म्हणून सांगतात. बौद्धांचं तर सगळं तत्त्वज्ञानच अनित्यावर उभं. आणि तरी चर्चच्या वेदीत संतांच्या अस्थींचा अंश ठेवायची जुनी चाल आहे, स्तूपाच्या पोटात धातू, म्हणजे अस्थी, असतात, आणि आमच्या गावोगाव समाध्या आहेत. तोंडानं सोड म्हणायचं आणि हातानं धरून ठेवायचं. हे सगळीकडे इतकं सारखं आहे, की याला चूक म्हणून मोकळं होता येत नाही.

चढणीवर सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे. त्याला मनोरा म्हणायचं ते मन राखण्यासाठी. एके काळी तो ४६ मीटर उंच होता. पोर्तुगालमध्ये धर्मसंघ बंद झाले, १८३५मध्ये हा मठ सोडून द्यावा लागला, १८४२मध्ये घुमट कोसळला आणि १९३१मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. आता उभी आहे ती एक फळी, उघड्या चिऱ्यांची. ज्यांना जांभ्याचं पुढे काय होतं ते बघायचं आहे त्यांनी इथे यावं. छप्पर गेलं की माणसं जातात असं लोक समजतात. मी पाहिलेलं उलट आहे. आधी माणसं जातात. कौलं कोणी परतत नाही, मग छप्पर, मग भिंत.

या ढिगाऱ्यातून २००५च्या सुमारास हाडं निघाली. जॉर्जिया देशाची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासनं तिला धर्म बदलायला सांगितलं, तिनं नकार दिला आणि १६२४मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी १६२७मध्ये गोव्यात आणून या मठात ठेवला. सापडलेलं हाड तिचंच असण्याचा कौल हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून २०१३मध्ये दिला. २०२१मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते जॉर्जियाला नेऊन दिलं. तिथे त्याचं मोठ्या मानानं स्वागत झालं. एका हाडासाठी! मनोऱ्याखाली उभं राहून मी हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाईमाणूस माहेरी पोचली म्हणायचं." मला त्याहून बरं भाष्य सुचलं नाही.

आता कडू गोष्ट. झेवियरनं १५४६मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन पाठव अशी विनंती केली होती. ते आलं त्याच्या मृत्यूनंतर, १५६०मध्ये, आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२पर्यंत राहिलं. देवळं त्याच्या आधीपासून पडत होती. लोकांनी रातोरात देव उचलले, नदीपलीकडे आदिलशाही मुलखात नेले. कुट्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आमच्या रत्नागिरीतल्या कितीतरी घरांची कुलदैवतं ही अशी विस्थापित. ती घरं आजही वर्षातून एकदा फोंड्याकडे जातात आणि वाटेत जुन्या गोव्यात सायबालाही हात जोडून येतात. माझ्या बायकोनं तिथे मेणबत्ती लावली. मी लावली नाही. तिला इतिहास ठाऊक नाही असं नव्हतं, आदल्या रात्रीच आम्ही त्यावर बोललो होतो. "अहो, त्या काळी त्यांनी केलं ते त्यांच्यापाशी. हात जोडायला आपलं काय जातं?" एवढंच तिचं म्हणणं. माझे हात काही वर आले नाहीत. आम्ही दोघं त्या बाबतीत आजही आपापल्या जागी आहोत.

पण उचलून नेलेल्या देवांनी मला माझ्या कामातली एक गोष्ट आठवून दिली. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिल्यांदा कलाकर्षण होतं. मंत्र म्हणून मूर्तीतलं दैवत पाण्याच्या कलशात घ्यायचं. तो कलश बाजूला तात्पुरत्या मांडवात ठेवायचा, रोजची पूजाआरती त्याची. मूर्ती आता नुसता दगड, गाभारा नुसत्या भिंती. त्यानंतरच माझे लोक पहार घेऊन आत जात. काम पुरं झालं की प्राणप्रतिष्ठा, देव परत आपल्या जागी. शास्त्राची ही सोय मला फार हुशारीची वाटते. गोव्यातून देव नदीपार गेले ते याच हिशोबानं. वास्तू पडो, देव निघतो. दगडात अडकलेला देव आपण मानलेलाच नाही.

निदान पोथीप्रमाणे तरी. प्रत्यक्षात काय होई ते मी उभ्या उभ्या पाहिलं आहे. देव कलशात आहे हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत असे, तरी पहिली पहार मारायला कोणी पुढे होत नसे. मिस्त्री ख्रिश्चन, म्हणून त्यांच्या हातात पहार देऊन बघावी तर तेही कपाळाला हात लावून दुसऱ्याकडे बघत. जुन्या गाभाऱ्याचे चिरे निघाले की प्रश्न यायचा, यांचं करायचं काय? शास्त्राप्रमाणे ते मोकळे झालेले. पण त्यातला एक चिरा कोणाच्या संडासाला, गोठ्याला जाऊ देणार नाहीत. ते चिरे देवळाच्या गडग्याला लागतात, विहिरीच्या कठड्याला लागतात, नाहीतर पिंपळाखाली रचून ठेवतात आणि त्यांच्यावर शेवाळं चढतं. भटजींनी त्या दगडातून देव काढला होता. आजीनं तीस वर्षं त्या उंबऱ्याला लावलेलं कपाळ काढायचा मंत्र भटजींकडे नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. धर्माचं एक ज्ञान पोथीत असतं आणि एक हातात. पोथी सांगते, सोड. हात शिकलेला असतो धरायला, पुसायला, शेंदूर लावायला, दर पावसाळ्याआधी कौलं परतायला. पंडित हाताच्या ज्ञानाला अडाणी म्हणतात. मला वाटतं, पोथीतलं टिकलं आहे तेही हातानं टिकवलेलं.

याची पक्की साक्ष आमच्याच गावात आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५मध्ये मंडाले घेतलं आणि १८८६मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. आमच्या लोकांना तो ठाऊक आहे राजवाड्यामुळे. जांभा आणि विटांची तीन मजली इमारत, अर्धगोल कमानींच्या कोरीव लाकडी खिडक्या, खाली खाडी, पुढे समुद्र. पाहुणे आले की आम्ही पहिल्यांदा तिथे नेतो. वाडा चांगलाच आहे, पण राजाला तो मिळाला १९१०मध्ये, जवळजवळ पंचवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर. धाकटी राणी १९१२ला गेली. राजा १९१६च्या डिसेंबरात.

हा राजा तरुणपणी मठात शिकलेला, पालीच्या परीक्षा दिलेला. त्याचा बाप मिंडॉन. त्यानं मंडालेच्या एका पगोड्याभोवती सबंध त्रिपिटक संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं, ७२९ शिळा, प्रत्येकीला आपली छोटी घुमटी. सर्व काही अनित्य आहे, हे सांगणारा ग्रंथ कधी नष्ट होऊ नये म्हणून दगडात घातला! मी त्या शिळा पाहिलेल्या नाहीत, पण त्या कारागिरांशी माझं जमलं असतं असं वाटतं. पोथी आणि हात यांचं एवढं उघड भांडण आणि एवढा उघड समेट मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

आणि त्याच घराण्यातली थिब्याची राणी सुपयालत. राजा गेला तेव्हा तिनं शव इथे पुरू देणं नाकारलं. ते मंडालेला जाणार, राजाला शोभेल असा विधी होणार, हा तिचा हट्ट. सरकारला ब्रह्मदेशात राजाची समाधी नको होती, लोक तिच्याभोवती गोळा झाले असते. दोघांच्या ओढाताणीत पेटी दोन वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. शेवटी १९१९च्या मार्चमध्ये सरकारनं राजाला आणि धाकट्या राणीला रत्नागिरीतच थडग्यात ठेवलं आणि राणीला रंगूनला जायची परवानगी मिळाली. ती १९२५मध्ये वारली. तिचीही समाधी रंगूनलाच, तिलाही मंडाले मिळालं नाही. त्याच रंगूनमध्ये १८६२पासून आपला बहादूरशहा जफर पडलेला आहे. इंग्रज सरकारला दोन राजांची हाडं एकमेकांच्या देशात ठेवायचं बरं सुचलं. तत्त्वज्ञान न वाचताही सरकारला एक पक्कं माहीत होतं, की मेलेल्या देहात लोकांना हलवायची ताकद असते. सरकार त्या बाबतीत राणीइतकंच श्रद्धाळू होतं.

राणीनं बुद्धाचं ऐकलं नाही, असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. नवऱ्याला मातीत टाकून गप्प बसणं हे अनित्याचं ज्ञान असेल तर ते फार स्वस्तात मिळतं.

थिब्याची थडगी घरांच्या वस्तीत आहेत. आमचे पाहुणे वाडा बघतात आणि थडगी सोडून पुढे जातात, कारण तिथे बघायला काही नाही. ब्रह्मदेशातून येणारे उलट करतात. २०१२च्या डिसेंबरात त्यांचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. २०१६मध्ये मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा वंशज आले, विधी झाले. इकडे राजाची थोरली मुलगी, तिचा वाड्यावरच्या नोकरीतल्या मराठी माणसाशी जुळलेला संसार, त्यांची मुलगी टुटू. ती मराठी बोलत, मराठी घरात नांदून २०००मध्ये याच गावात गेली. राजाचं रक्त इथल्या मातीत केव्हाच मिसळलं, त्याला कोणाची परवानगी लागली नाही. हाडं मात्र अजून पाहुणी आहेत. ती परत न्यावीत की राहू द्यावीत यावर अधूनमधून बोलणं निघतं. मला विचाराल तर केतेवानसारखी एक अस्थी मंडालेला जावी आणि बाकी राजा इथे राहावा. पण हा चिरेवाल्याचा व्यवहारी तोडगा झाला.

जुनं ते पवित्र, हा आणखी एक समज आहे. तो मी मानत नाही, याला कारण आमच्या धंद्यातलं आमचं दैवत. भागोजी कीर. रत्नागिरीचे, भंडारी समाजातले, गरिबीतून मुंबईला जाऊन मोठे कंत्राटदार झाले. किल्ल्यात भागेश्वराचं देऊळ त्यांचं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सगळ्या हिंदूंना, त्या वेळच्या अस्पृश्यांनाही, गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ काढायचं ठरलं, तेव्हा पैसा कीरांनी घातला. पतितपावन मंदिर. २२ फेब्रुवारी १९३१ला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींच्या हस्ते ते उघडलं. गावात देवळांना तोटा नव्हता. शेकडो वर्षांची होती, जागृत होती, नवसाला पावणारी होती. पण त्यांचं पावित्र्य काही माणसांच्या स्पर्शानं विटणारं होतं. मग नवं कोरं, कालचा चुना न वाळलेलं पावित्र्य बांधून काढावं लागलं. ज्यांना जुन्या गाभाऱ्याचा अंधार सात्त्विक वाटतो, त्यांनी त्या अंधारात कोणाला येऊ देत नव्हते तेही विचारावं. बघायला आलेला माणूस पतितपावनला फारसा थांबत नाही, कारण ते पुरेसं जुनं नाही. मला ते रत्नागिरीतलं सर्वांत महत्त्वाचं बांधकाम वाटतं.

याच कीरांनी मुंबईत शिवाजी पार्कच्या किनाऱ्याला हिंदूंच्या स्मशानासाठी जागा दिली. सगळं सोडून देण्याची, राख होण्याची जागा. तिच्या शेजारीच चैत्यभूमी आहे, आणि दर ६ डिसेंबरला लाखो माणसं काय सोडून द्यायचं नाही ते ठरवून तिथे येतात. ज्यांच्यासाठी येतात त्या बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, तेव्हाच्या आणि आताच्याही रत्नागिरी जिल्ह्यातलं.

सध्या आमच्या गावच्या देवळाचं घोंगडं भिजत पडलं आहे. जांभ्याच्या भिंती, शिसवी खांब, कौलारू छप्पर, पावसाळ्यात पश्चिमेला झावळ्यांची झापं बांधावी लागतात. मुंबई मंडळाला ते पाडून सिमेंटचं हवं आहे, ग्रॅनाइटची फरशी, वर शिखर, दारात स्टीलचा कठडा. पुण्याहून काही शिकलेली मंडळी येऊन गेली. त्यांना ते जसंच्या तसं हवं, शिवाय भिंतींचा गिलावा काढून चिरा मोकळा करावा, म्हणजे मूळ सौंदर्य दिसेल, असंही त्यांनी सुचवलं. बॉम जेझुसचा कास्त्रो रूप बदलून आमच्या गावात आला की काय असं मला झालं. मी दोघांनाही सांगितलं, की खांब ठेवा, कौलं बदला, भिंतीला शिंपल्याच्या चुन्याचा गिलावा करा, देव कलशात घ्यायचीही गरज नाही. चुन्याचा, मजुरीचा अंदाज लिहून दिला. तो दोघांनाही पसंत पडला नाही. एकांना तो फार जुनाट वाटला आणि दुसऱ्यांना फार नवा.

शेवटी रीतीप्रमाणे देवालाच विचारायचं ठरलं. गुरवानं पाषाणाला कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, की बा महाराजा, तुझं घर पाडून नवं बांधावं असं लेकरांच्या मनात आहे, तुझी राजी असेल तर उजवा कौल दे. सगळे श्वास धरून उभे. डावी कळी पडली. मुंबई मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं पडलं, की गाऱ्हाण्यात ग्रॅनाइटचा उल्लेख राहून गेला, त्यामुळे देवाला प्रश्न नीट कळला नसावा. आता शिमग्याला मंडळी गावी आली की पुन्हा कौल लावणार आहेत.